मनीबॉल पाहिला, आता टेनिस लीगच्या लिलावात 'ऑन-बेस'च्या जागी कोणता आकडा धरायचा?

खाडीकाठ_ऐरोली

नवी मुंबईत ऐरोली-घणसोली पट्ट्यातली टेनिस बॉल क्रिकेटची लीग आहे. आठ संघ, ८ ओव्हरचा सामना, एका बोलरला जास्तीत जास्त २ ओव्हर. साखळीत सगळ्यांशी एकेकदा म्हणजे ७ सामने, मग सेमी आणि फायनल. लिलावात प्रत्येक संघाला १,००,००० पॉइंट, १५ खेळाडू भरायचे, बेस प्राइस २,०००. एक आयकॉन लिलावाआधी ठेवता येतो. त्याचे सरसकट १५,००० कापले जातात आणि तो संघाच्या गावातलाच हवा.

आमच्या कमिटीत सगळ्यांनी मनीबॉल हा बेसबॉलवरचा सिनेमा पाहिलाय. त्यावरून मत असं पडलंय की ओकलंड या कमी पैशांच्या संघाने जसे बेसवर पोचणारे खेळाडू स्वस्तात उचलले, तसे आपण टिकून खेळणारे, सरासरी जास्त असलेले बॅट्समन उचलू. सिक्सरवाले महाग जातात, ते दुसऱ्यांना घेऊ देत. मागच्या दोन सीझनची स्कोअरकार्डं ॲपमध्ये बॉल-बाय-बॉल आहेत.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा विचार बरोबर आहे का? एकेका खेळाडूचे जेमतेम १४ सामने हाताशी आहेत, तेवढ्यावर काही ठरवता येतं का? आणि शेवटी कोणावर किती पॉइंटपर्यंत जायचं हे कसं काढायचं?

आकडेमोड

सरासरी धरून संघ बांधलात तर साखळीतच गाशा गुंडाळाल. सिनेमातली नेमकी चुकीची गोष्ट कमिटीने उचललीय.

बेसबॉलमध्ये एका संघाला नऊ डावांत मिळून २७ आउट मिळतात. बॉल किती टाकले जातील याला मर्यादा नाही. म्हणजे तिथे मोजून मिळतो तो आउट. जो आउट न होता बेसवर पोचला, मग फटका मारून पोचो, वॉक (चार चुकीच्या बॉलवर मिळणारा फुकटचा बेस) मिळून पोचो की अंगावर बॉल खाऊन, त्याने संघाचा एक आउट वाचवला. बॅटिंग ॲव्हरेज वॉक धरतच नाही, ऑन-बेस (आउट न होता बेसवर पोचण्याचं प्रमाण) धरतो. बाजार ॲव्हरेजला पैसे मोजत होता, सामने ऑन-बेसने जिंकले जात होते. ओकलंडने विकत घेतली ती ही तफावत.

तुमच्याकडे मोजून मिळतात ४८ बॉल. विकेट दहा, त्यातल्या साधारण पाच-सहा जातात, बाकीच्या न वापरता परत येतात. टंचाई बॉलची आहे, विकेटची नाही. त्यामुळे ऑन-बेसच्या जागी बसणारा आकडा म्हणजे 'बॉलमागे सरासरीपेक्षा किती रन जास्त'. टिकून खेळणारा बॅट्समन ८ ओव्हरच्या सामन्यात बऱ्याचदा तुमचेच बॉल खात असतो.

करायचं असं. आधी लीगचा दर काढा: पहिल्या डावांतले एकूण रन भागिले एकूण बॉल. उदाहरणापुरता तो १.६ धरू, म्हणजे ८ ओव्हरला ७६-७७. मग प्रत्येक बॅट्समनचे रन उणे (बॉल गुणिले १.६).

'अ': १४ डाव, १०५ बॉल, २१० रन, १४ वेळा आउट. सरासरी १५. हिशेब २१० उणे १६८ = अधिक ४२.
'ब': १२ डाव, १२० बॉल, १८० रन, फक्त ३ वेळा आउट. सरासरी ६०. हिशेब १८० उणे १९२ = उणे १२.

कमिटीच्या पद्धतीने 'ब' हा चौपट भारी. प्रत्यक्षात तो क्रीजवर असतो तेवढा वेळ संघ दरापेक्षा मागे पडतो.

बोलरचं उलट: दराने जायला हवे होते तितके रन उणे प्रत्यक्ष दिलेले रन. मात्र इकॉनॉमी नुसती लावू नका, ओव्हर कितवी ते बघा. समजा तुमच्या लीगमध्ये पहिल्या दोन ओव्हर सरासरी ८ च्या जातात, मधल्या चार ९ च्या आणि शेवटच्या दोन १२ च्या. मग शेवटची ओव्हर ११ मध्ये काढणारा बोलर अधिक १ मध्ये आहे आणि पहिली ओव्हर ९ ची टाकणारा उणे १ मध्ये. कार्डावर दुसरा चांगला दिसतो. लिलावात स्वस्त सापडणारा माणूस बहुतेक इथेच असतो: कायम सातवी-आठवी ओव्हर टाकणारा, त्यामुळे इकॉनॉमी फुगलेला.

वाइडला हलकं समजू नका. वाइडचा एक रन जातो आणि शिवाय एक बॉल जास्तीचा टाकावा लागतो, ज्यावर सरासरी १.६ जातात. म्हणजे त्या जागी डॉट टाकला असता त्यापेक्षा एक वाइड साधारण २.६ ने महाग पडला. दोन ओव्हरमध्ये तीन वाइड टाकणारा 'विकेट घेणारा बोलर' तुम्हाला तिथे डॉट टाकणाऱ्यापेक्षा पावणेआठ रनने महाग पडतोय.

डॉट बॉलचे वेगळे गुण देऊ नका. रन उणे दर यात डॉट आधीच मोजला गेलाय. पुन्हा धरलात तर एकच गोष्ट दोनदा मोजाल. प्रत्येक कमिटीच्या शीटमध्ये 'डॉटचे बोनस पॉइंट' असा एक कॉलम असतोच आणि तो प्रत्येक वेळी चुकीचाच असतो.

पॉइंट_फिल्डर

विकेटला अगदी शून्य किंमत देणंही बरोबर नाही. नवा बॅट्समन आला की पहिले एक-दोन बॉल डोळे बसवण्यात जातात, आणि खालचा बॅट्समन वरच्यापेक्षा कच्चा असतो. ८ ओव्हरला एका विकेटचे २ रन धरा. २० ओव्हरच्या लेदर क्रिकेटला हा आकडा जास्त असेल, कारण तिथे विकेटा खरंच संपू शकतात.

मात्र प्रत्येक आउटला सरळ २ रन कापायचे नाहीत. सरासरी खेळाडूही आउट होतोच. लीगमध्ये साधारण ९ बॉलला एक विकेट पडत असेल तर 'अ'ने १०५ बॉलांत ११.७ वेळा आउट होणं अपेक्षित होतं. तो झाला १४ वेळा. जास्तीच्या २.३ विकेट गुणिले २ म्हणजे साडेचार रन कापा: ४२ चे सुमारे ३७. 'ब' १३.३ वेळा आउट व्हायला हवा होता, झाला ३ वेळा. वाचवलेल्या १०.३ विकेटचे २०.६ रन मिळवा: उणे १२ चे अधिक ८.६. म्हणजे 'ब' अगदीच टाकाऊ नाही, पण 'अ'च्या पाव किमतीचा आहे. कमिटीचं आणि आकडेमोड यांचं भांडण इथे मिटावं.

बोलरलाही हेच लावा. अपेक्षेपेक्षा जास्त काढलेल्या प्रत्येक विकेटचे २ रन मिळवा, कमी असतील तर कापा.

स्कोअरर_कळवा

हिशेब ठीक आहे, पण हिशेबात जाणारा माल आधी निवडून घ्या.

पहिली गोष्ट, एकाच आडनावाचे लोक. आपल्या पट्ट्यात एका गावात एकाच नावाचे तीन पाटील आणि दोन म्हात्रे सहज निघतात. ॲपमध्ये कधी एकाच प्रोफाइलवर दोघांचे रन चढतात, कधी एकाच माणसाची तीन प्रोफाइलं होतात: एक पूर्ण नावाने, एक टोपणनावाने, एक जुन्या मोबाइल नंबरावर. फोटो, बॅटिंगचा हात आणि संघाची यादी तिन्ही जुळवल्याशिवाय आकडे एकत्र करू नका. इथे दीड दिवस गेला तरी चालेल, कारण खालचं सगळं यावर उभं आहे.

दुसरं, पाठलाग. ४५ चं टार्गेट असेल तर बॅट्समन निवांत खेळतो, त्याचा स्ट्राइक रेट पडतो आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. शिवाय सामना सहाव्या ओव्हरला संपला तर सातवी-आठवी ओव्हर कार्डात येतच नाही. दुसऱ्या डावात शेवटच्या ओव्हर दिसतात त्या फक्त चुरशीच्या सामन्यांतल्या. म्हणून ओव्हरनिहाय दर पहिल्या डावांवरूनच काढा. खेळाडूचा हिशेब करताना दुसरा डाव घ्यायचा असेल तर आवश्यक रनरेट लीगच्या दराच्या आसपास किंवा वर होता तेवढेच सामने घ्या.

तिसरं, मैदान. टर्फवरचं बॉक्स क्रिकेट आणि उघड्या मैदानावरचं टेनिस एका शीटमध्ये नको. जाळीला लागून मिळालेले रन आणि सीमापार मारलेले रन यांचा एकमेकांशी संबंध नाही. उघड्या मैदानांतही प्रत्येकाचा दर वेगळा काढा. एका बाजूची बाउंड्री ४० मीटर आणि दुसरी ६० असली की डावरा बॅट्समन एका एंडकडून राजा आणि दुसऱ्या एंडकडून गिऱ्हाईक.

ऐरोलीत वाऱ्याचंही बघा. खाडी पश्चिमेला, पारसिकचा डोंगर पूर्वेला. दुपारनंतर वारं खाडीकडून येतं. टेनिस बॉल हलका असल्याने वाऱ्यासोबत डोंगराच्या दिशेला मारलेला बॉल सहज पार होतो आणि खाडीकडे मारलेला तोच फटका लाँगऑनच्या हातात जातो. रात्रीच्या सामन्यांत दव पडलं की बॉलवरची लव पाणी धरते, बॉल जड होतो, टप्पा बसतो. दुपारचे आणि रात्रीचे सामने वेगळे करण्याइतका माल तुमच्याकडे असेल तर करा. नसेल तर कार्डावर 'दु' आणि 'रा' अशी खूण तरी असू द्या.

शेवटचं म्हणजे बोलरचं नाव. सामना पळत असतो, ओव्हर बदलते आणि स्कोअरर बोलर बदलायला विसरतो. एका बोलरच्या नावावर ३ ओव्हर दिसल्या की समजायचं घोटाळा आहे, कारण नियमच २ चा आहे. ही तपासणी पिव्होट टेबलात एका मिनिटात होते.

नाइटवॉचमन

एवढं सगळं करून शेवटी १४ सामन्यांवर! १०५ बॉल म्हणजे काय? दोन दिवस बॅट लागली की आकडा तयार. ज्याला खेळ कळतो तो मैदानावर दहा मिनिटं उभा राहून जास्त सांगेल.

आकडेमोड

१४ सामने कमी आहेत हे मान्यच. म्हणून तर आकडा आहे तसा वापरायचा नसतो, सरासरीकडे ओढून घ्यायचा असतो. आणि ज्या दोन दिवशी 'बॅट लागली' तेच दोन दिवस मैदानावरच्या जाणकाराच्याही डोक्यात बसलेले असतात. फरक इतकाच की त्याच्या डोक्यातले आकडे कोणी ओढून घेत नाही.

ओढायचं असं: प्रत्येकाच्या खात्यात १५० काल्पनिक सरासरी बॉल घाला. 'अ'चे सुमारे ३७ रन १०५ बॉलांत आहेत, म्हणजे बॉलमागे ०.३५. त्याला १०५ भागिले २५५ ने गुणा, उरतात ०.१४५. तो डावाला साडेसात बॉल खेळतो, म्हणजे सामन्यामागे १.१ रन. कच्च्या आकड्यात हाच माणूस सामन्यामागे २.७ ने पुढे दिसत होता. लिलावात पोळतात ते या २.७ आणि १.१ मधल्या अंतरात.

१५० हा काही वेदातला आकडा नाही, तुमच्या माहितीवर तपासा. प्रत्येक खेळाडूचे सम क्रमांकाचे सामने एकीकडे, विषम दुसरीकडे. एका अर्ध्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधा आणि १००, १५०, २००, ३०० यांतल्या कोणत्या आकड्याने चूक कमी येते ते बघा. दोन्ही अर्ध्यांत काहीच साम्य नसेल तर त्या गोष्टीवर पॉइंट खर्च करू नका. बऱ्याचदा वाइडचं प्रमाण दोन्हीकडे सारखं निघतं आणि विकेटची संख्या कुठल्या कुठे भरकटते.

बोलरचा फायदा असा की दोन्ही ओव्हर मिळाल्या तर तो सामन्याला १२ बॉल टाकतो. १४ सामन्यांत १६८ बॉल. सहाव्या नंबरचा बॅट्समन तेवढ्याच सामन्यांत ५० बॉलही खेळलेला नसतो. म्हणून बोलरच्या आकड्यावर भरवसा जास्त ठेवता येतो, आणि आपल्याकडच्या लिलावात पैसा जातो बॅट्समनवर.

जाणकाराला घरी बसवा असं कोणी म्हणत नाहीये. यॉर्कर पडतोय का, खांदा दुखावलाय का, ॲक्शनवर अंपायर नो देईल का, हे कार्डात नसतं. ते त्याने सांगावं. 'पोरगा मॅचविनर आहे' हे मात्र त्याने सांगू नये.

बेसबॉलवेडा

सिनेमाच्या बाजूने काही गोष्टी, कारण कमिटी तोच पुरावा धरून बसलीय.

हा सिनेमा २०११ चा, मायकेल लुईसच्या २००३ मधल्या पुस्तकावरून काढलेला. सुरुवातीलाच दोन आकडे येतात: न्यूयॉर्क यांकीज या श्रीमंत संघाचा पगारखर्च सुमारे ११४ दशलक्ष डॉलर, ओकलंडचा जेमतेम ४०. २००१ च्या सीझननंतर जेसन जिआंबी, जॉनी डेमन आणि जेसन इसरिंगहाउसन हे ओकलंडचे तिघेही मोठे खेळाडू गेले. त्यांच्या जागी आणलेल्यांत स्कॉट हॅटेबर्ग होता. मूळचा कॅचर (आपल्याकडचा कीपर), कोपराच्या मज्जातंतूला इजा झाल्याने थ्रो गेलेला, म्हणून त्याला फर्स्ट बेसवर उभं केलं. २००२ मध्ये त्याचा ऑन-बेस ०.३७४ होता. ४ सप्टेंबर २००२ ला कॅन्सस सिटीविरुद्ध ओकलंड ११-० पुढे असताना सामना ११-११ झाला आणि हॅटेबर्गच्या होमरनवर १२-११ असा संपला. सलग विसावा विजय. हे पडद्यावर आहे आणि खरंही आहे.

पडद्यावर जवळजवळ नाहीच तो भाग म्हणजे बोलिंग. त्या संघात टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो असे तीन पिचर (म्हणजे बोलर) होते. झिटोने त्या वर्षी २३ सामने जिंकून अमेरिकन लीगचा साय यंग पुरस्कार (सर्वोत्तम पिचरचा) घेतला. शॉर्टस्टॉप मिगेल तेहादा त्याच वर्षी लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू होता. सिनेमा पाहून वाटतं की मोडक्या-तोडक्या माणसांनी १०३ सामने जिंकले. जिंकले ते प्रामुख्याने या लोकांनी. हॅटेबर्ग आणि पिचर चॅड ब्रॅडफर्ड यांनी वरची फट बुजवली.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. झिटो, हडसन, मल्डर, तेहादा हे चौघे स्वस्त का होते? बेसबॉलमध्ये खेळाडूला खुल्या बाजारात जायला मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरावी लागतात. तोवर तो त्याच संघाच्या हातात आणि पहिली काही वर्षं तर अगदी कमी पगारावर. ओकलंडची सगळ्यात मोठी बचत शोधून आणलेल्या माणसांत नव्हती, घरात वाढवलेल्यांत होती. तुमच्या नियमात याच्या जागी आयकॉन आहे. लिलावाआधीचा तो १५,००० चा निर्णय हा तुमच्या सीझनमधला सगळ्यात मोठा निर्णय, आणि कमिट्या तो पाच मिनिटांत 'आपला कॅप्टनच ना' म्हणून उरकतात.

दुसरी गोष्ट नशिबाची. बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्स याच्या सूत्राने केलेल्या आणि दिलेल्या रनवरून विजयांचा अंदाज येतो: केलेल्या रनांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज. ओकलंडने २००२ मध्ये ८०० केले, ६५४ दिले. सूत्र सांगतं १६२ पैकी ९७. जिंकले १०३. सहा सामने वरचे. मग प्लेऑफमध्ये मिनेसोटाकडून ३-२ ने हरले. २०००, २००१, २००२, २००३, चारही वर्षं पहिल्याच फेरीत पाचव्या सामन्यात बाहेर. १६२ सामन्यांत गणित दिसतं, पाच सामन्यांत दिसेलच असं नाही.

खाडीकाठ_ऐरोली

एवढं सविस्तर येईल असं वाटलं नव्हतं, आभार. सरासरीचा मुद्दा कमिटीला दाखवला, अर्धे गार झाले.

आता आयकॉनचं. गावात दोन नावं आहेत. एक सगळ्या पट्ट्यात गाजलेला सिक्सरवाला, ज्याचे व्हिडिओ फिरतात. लिलावात तो ३०,००० च्या वर जाईल याबद्दल कोणाला शंका नाही. दुसरा ऑलराउंडर, नाव फारसं नाही, पण शेवटच्या ओव्हर टाकतो आणि पाचव्या नंबरला येतो. सगळ्यांचं म्हणणं, ३०,००० चा माणूस १५,००० ला मिळतोय तर सोडायचा कशाला? आणि रनचे पॉइंट कसे करायचे हे अजून राहिलंय.

पॉइंट_फिल्डर

३०,००० ला कोणीतरी घेईल म्हणून तो ३०,००० चा होत नाही. आधी रनची किंमत काढा, मग आयकॉन आपोआप सुटेल.

आठ संघांचे मिळून ८,००,००० पॉइंट. १२० खेळाडू गुणिले २,००० म्हणजे २,४०,००० बेस प्राइसमध्येच जातात. खऱ्या बोलीला उरतात ५,६०,०००.

आता शून्य कुठे धरायचं? सरासरी खेळाडूवर नाही. अनसोल्ड राहणारा, बेस प्राइसला कधीही मिळणारा खेळाडू म्हणजे शून्य. मागच्या लिलावात २,००० ला गेलेल्यांचे आकडे काढा, बॅटिंग-बोलिंग मिळून. समजा ते सामन्यामागे सरासरीपेक्षा १.६ रन खाली आहेत. मैदानावर उतरणारे ११ गुणिले ८ म्हणजे ८८ जण, प्रत्येकी सरासरी १.६ वर. एकूण साधारण १४० रन बाजारात विकायला आहेत. ५,६०,००० भागिले १४० = एका रनला ४,००० पॉइंट.

'अ' सरासरीच्या १.१ वर होता, म्हणजे शून्यापासून २.७ वर. किंमत १०,८०० अधिक बेस २,००० = १२,८००. तिथपर्यंत जा, पुढे हात खाली. आयकॉनचे १५,००० आधीच कापले गेल्याने आकडा थोडा हलेल, पण पद्धत तीच.

आता तुमचे दोघे. त्यांचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून उदाहरण घेतो. सिक्सरवाला ओढून घेतल्यावर शून्यापासून २.५ रन वर निघाला असं धरा: किंमत १२,०००. ऑलराउंडर ४ रन वर निघाला: १८,०००. १५,००० च्या आयकॉनमध्ये पहिल्यावर तुमचं ३,००० चं नुकसान आणि दुसऱ्यावर ३,००० चा फायदा. एवढंच नाही, सिक्सरवाला लिलावात गेला तर दुसरा एखादा संघ १२,००० च्या मालाला ३०,००० मोजून आपली पिशवी रिकामी करेल. ते १८,००० बाजारातून उडाले, पुढचे सगळे खेळाडू तुम्हाला तेवढे स्वस्त. त्याला आयकॉन करून तुम्ही प्रतिस्पर्ध्यांना वाचवताय.

गावात यावरून रुसवा-फुगवा होईल, तो कमिटीने सांभाळायचा. शीटमध्ये त्याला कॉलम नाही.

हजेरीलाही किंमत आहे. शनिवार-रविवारी शिफ्ट असणारे, त्याच आठवड्यात उरण-पनवेलकडे दुसऱ्या संघाला शब्द दिलेले, यांचा आकडा येण्याच्या शक्यतेने गुणा. २.७ चा माणूस १० पैकी ६ सामन्यांना येणार असेल तर तो १.६२ चा. सगळ्या सामन्यांना येणारा २.० चा माणूस त्याच्या वरचा. पट्ट्यात एकाच रात्री तीन ठिकाणी स्पर्धा असतात, आणि आपल्याकडच्या लिलावात हजेरीचा हिशेब कोणी करत नाही. सगळ्यात सोपी सूट इथे पडलेली आहे.

आकडेमोड

पैसे कुठे लावायचे याबद्दल थोडं.

पाच विकेट पडतात म्हणजे सात बॅट्समन क्रीजवर येतात, त्यातला सातवा सरासरी दोन-तीन बॉल खेळतो. म्हणून सहाव्या नंबरच्या खाली बॅटिंगला एकही पॉइंट जास्तीचा देऊ नका. चार खरे बॅट्समन, पाच बोलर (चारात ८ ओव्हर होतात, पाचवा कोणाला मार पडला तर), एक कीपर, एक दोन्हीकडे चालणारा. बेंचवरचे चार बेस प्राइसला: ८,०००. आयकॉनचे १५,००० गेले की उरलेल्या दहा जणांना ७७,०००.

कीपर घेताना बॅटिंग शेवटी बघा. टेनिस बॉल उसळतो. लेगच्या बाहेरचा आणि डोक्यावरून जाणारा बॉल अडवता येत नसेल तर बायचे चौकार जातात. ॲपमध्ये बाय कीपरच्या नावावर पडत नाही, त्यामुळे प्रत्येक सामन्यात कीपर कोण होता ते संघाच्या यादीवरून हाताने भरावं लागेल. किचकट काम आहे, पण सामन्याला दोन रन वाचवणारा कीपर २,००० ला मिळतो.

लिलाव चालू असताना दोन आकडे डोळ्यांसमोर हवेत. एक, जास्तीत जास्त बोली: शिल्लक उणे (राहिलेल्या जागा वजा एक) गुणिले २,०००. तीन जागा आणि १९,००० शिल्लक असतील तर १५,००० च्या वर जाता येत नाही. हाच आकडा बाकी सात संघांचाही लिहीत राहा, कारण समोरच्याची मर्यादा १४,००० असेल तर तुम्हाला १४,००० च्या वर एका पायरीपेक्षा जास्त कधीच लागणार नाही. दोन, ४,००० चा भाव. तो प्रत्येक दहा खेळाडूंनंतर नव्याने काढा: उरलेले मोकळे पॉइंट भागिले उरलेल्या खेळाडूंचे रन. सुरुवातीला मोठ्या नावांवर लोक उधळले की भाव ३,००० वर येतो आणि मधल्या टप्प्यात चांगला माल पडून राहतो. उलट सगळे जपून खेळले तर शेवटच्या दहा जणांत भाव चढतो. लिलाव संपल्यावर उरलेल्या पॉइंटला काडीची किंमत नाही, त्यामुळे शेवटपर्यंत गाठ मारून बसू नका.

चिठ्ठ्या काढून नावं येत असतील तर क्रम तुमच्या हातात नाही. म्हणून एकेका जागेसाठी एकच नाव धरू नका, किमान तीन नावं त्यांच्या किमतींसह लिहून ठेवा.

नाइटवॉचमन

बरं, हे सगळं जमलं असं धरू. जिंकायची शक्यता किती वाढते?

बेसबॉलवेडा

तोही हिशेब होतो. मागच्या सीझनमधले विजयाचे फरक रनमध्ये काढा (पाठलागात जिंकलेल्यांचे उरलेले बॉल गुणिले १.६ करून मिळवा) आणि पहिली बॅटिंग करणारा जिंकला तर अधिक, हरला तर उणे धरून त्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन (फरक किती हेलकावतो त्याचं माप) घ्या. ते २० निघालं आणि तुमचा संघ सामन्यामागे ५ रनने सरस असला, तर एक सामना जिंकायची शक्यता ६० टक्के. सातात चार विजय धरा, सेमीची जागा बहुधा मिळेल. पुढे सेमी आणि फायनल दोन्ही जिंकायची शक्यता ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ३६ टक्के. चारही संघ सारखे असते तर ती २५ असती. २५ चे ३६ होणं ही लिलावातली मोठी कमाई आहे, पण तीनातल्या दोन वर्षी कप दुसऱ्याच्याच घरी जाणार. कमिटीला हे लिलावाआधी सांगून ठेवा, सेमी हरल्यावर नाही.

स्कोअरर_कळवा

यंदाच्या स्कोअररला आत्ताच तीन गोष्टी भरायला सांगा: कीपर कोण, कोणत्या एंडकडून ओव्हर आणि पहिल्या अकरात असूनही कोण आला नाही. ॲपमध्ये जागा नसेल तर वहीत. शीटचा नमुना हवा असेल तर धाग्यावर सांगा, कॉलमांची नावं टाकतो.

खाडीकाठ_ऐरोली

नमुना टाकाच. आयकॉनचं नाव कळवायची मुदत या शुक्रवारची आहे. उद्या रात्री दोघांचे ओव्हरनिहाय आकडे इथे टाकतो, ओढून घेतल्यावर किती उरतात ते कोणीतरी तपासून द्या.